ओढा, नाला, गटार : पूरव्यवस्थापनाच्या परिभाषेचा विचार

१. विषयाची मांडणी

नगरपरिषदेच्या कामकाजात पूर आणि पाण्याचा निचरा हा विषय अभियंत्याचा समजला जातो. मोजमाप, उतार, काँक्रीट आणि खर्च यांच्याशी त्याचा संबंध असल्यामुळे ही समजूत स्वाभाविक आहे. तथापि काम अभियंत्याच्या हाती येण्यापूर्वी त्याला एक नाव मिळालेले असते. पाण्याची एखादी वाट कागदावर ‘ओढा’ म्हणून आली, ‘नाला’ म्हणून आली की ‘गटार’ म्हणून आली, यावर तिची मालकी कोणाची, तिची रुंदी किती, तिच्यासाठी पैसा कोणत्या शीर्षाखाली मिळणार आणि ती भरून वाहिली तर दोष कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी ठरून जातात. म्हणून या प्रश्नाचा काही भाग भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

प्रस्तुत लेखात जळगाव जिल्ह्यातील जामनेर आणि भोवतालचा खानदेश समोर ठेवून या परिभाषेचा विचार करावयाचा आहे. लेखाचे मुख्य प्रतिपाद्य थोडक्यात असे : शहर वाढत असताना नैसर्गिक प्रवाहाचे नाव क्रमाक्रमाने उतरत जाते, आणि नाव उतरले की त्याबरोबर प्रवाहाची जागाही आक्रसते. पुराचे संकट पावसाने येते हे खरे. परंतु त्याची एक पूर्वतयारी दप्तरात होत असते.

२. भूमी आणि पाणी

जामनेर कांग नदीच्या काठी वसले आहे. कांग वाघूरला मिळते आणि वाघूर तापीला. ज्या नालाकृती वळणावरील कड्यात अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत, ते वळण याच वाघूरचे होय. दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग आणि उत्तरेला तापीचे खोरे अशी येथील रचना असल्यामुळे तालुक्यातील पाण्याचा सर्वसाधारण ओघ दक्षिणेकडून उत्तरेकडे आहे. डोंगराचा उतार तीव्र, पायथ्याची जमीन सपाट आणि मधले अंतर थोडे. साहजिकच डोंगरात जोराचा पाऊस झाला की काही तासांतच खालच्या गावांना पूर येतो, आणि पुष्कळदा त्या वेळी गावावर पाऊस नसतोही.

दुसरी गोष्ट मातीची. खानदेशची काळी कसदार जमीन कपाशीला मानवते. पाण्याच्या निचऱ्याच्या दृष्टीने मात्र ती दुहेरी स्वभावाची आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी ती अधाशीपणे पिते. एकदा भिजली की ती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर तिच्यातून पाणी अतिशय सावकाश मुरते. त्यामुळे जूनमधील पाऊस ज्या शेतात जिरतो, त्याच शेतावरून ऑगस्टअखेरचा तितकाच पाऊस धावत सुटतो. कोकणाशी तुलना करता खानदेश कमी पावसाचा प्रदेश आहे. ‘येथे कुठला पूर?’ ही समजूत त्यातून निर्माण होते आणि ती घातक ठरते. १८७२ साली पांझरेच्या पुराने धुळ्याची घरे आणि मालमत्ता यांची मोठी हानी केली होती. पुराचा संबंध वर्षभराच्या सरासरीशी नसून थोड्या वेळात पडणाऱ्या पावसाच्या तीव्रतेशी असतो, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे.

३. शब्दांची उतरंड

वाहत्या पाण्याच्या आकारमानाप्रमाणे मराठीत शब्दांची एक उतरंड आहे : ओघळ, ओहोळ, ओढा, नाला, नदी. यांपैकी ओघळ केवळ पाऊस पडत असताना वाहतो. ओढा पावसाळाभर आणि क्वचित त्यानंतरही वाहतो. पाणी जेथून वाहते अशा सखल पट्ट्याला ‘लवण’ असाही शब्द आहे. लवणात वर्षातले दहा महिने पीक उभे असते, पण पाणी आले की ते कोठून जाईल हे शेतकऱ्याला ठाऊक असते. या शब्दांच्या सीमारेषा काटेकोर नाहीत आणि गावोगाव त्या थोड्या बदलतात; परंतु हे सर्व शब्द एकाच वर्गातले आहेत. ते निसर्गाने केलेल्या वाटेचे वाचक आहेत.

‘गटार’ या वर्गातले नाही. ते माणसाने बांधलेल्या वस्तूचे नाव आहे. हा भेद शब्दकोशापेक्षा शब्दांच्या संगतीतून अधिक स्पष्ट होतो. नदीला पूर येतो, ओढ्याला पूर येतो, नाल्यालाही पूर येतो. ‘गटाराला पूर आला’ असे मात्र मराठी माणूस म्हणत नाही. गटार तुंबते. ‘पूर’ हा शब्द ‘पूर्ण’, ‘पुरणे’, ‘पुरेसा’ यांच्या कुळातला आहे. भरून येणे हा त्याचा मूळ भाव. पूर येणे हा नदीचा धर्म मानला जातो, आणि म्हणून पुराच्या वेळी माणसाने बाजूला व्हावयाचे असते. ‘तुंबणे’ हा मात्र दोष आहे. तुंबलेल्या वस्तूबद्दल तक्रार करावयाची असते आणि कोणीतरी येऊन ती मोकळी करावयाची असते. एकाच पाण्याविषयी बोलताना केवळ नाव बदलल्यामुळे माणसाची अपेक्षा आणि वर्तन कसे बदलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरी संगती ‘पात्र’ या शब्दाची. नदीला पात्र असते, ओढ्याला पात्र असते. पात्र म्हणजे भांडे. पाणी कमी असतानाही भांडे तेवढेच मोठे असते, आणि ते रिकामे दिसले म्हणून कोणी कापून लहान करीत नाही. गटाराला पात्र नसते, त्याला रुंदी, खोली आणि झाकण असते. तिसरी गोष्ट विशेषनामाची. पुण्यातील आंबील ओढा किंवा नागझरी यांच्याप्रमाणे ओढ्याला स्वतःचे नाव असते. गटार बहुधा निनावी असते. ते अमक्या गल्लीचे किंवा तमक्या प्रभागाचे म्हणून ओळखले जाते. ज्याला नाव नाही त्याची आठवणही राहत नाही. गावात नव्याने घर बांधणाऱ्यास आपल्या अंगणाखालून पूर्वी काय वाहत होते हे विचारण्याचे कारणच उरत नाही.

‘नाला’ हा शब्द या दोन वर्गांच्या सीमेवर उभा आहे. संस्कृतातील ‘नाल’ म्हणजे पोकळ देठ, नळी. ग्रामीण वापरात नाला म्हणजे ओढ्याहून मोठा नैसर्गिक प्रवाह. नालाबांध, नालाखोलीकरण हे शब्द त्याच अर्थावर उभे आहेत. शहरात मात्र नाला म्हणजे मोठे गटार. पावसाळ्यापूर्वी नगरपरिषदा जी ‘नालेसफाई’ करतात, त्या समासात ‘सफाई’ हे पद आले की ‘नाला’ ही घाणीची जागा ठरते. ओढ्याच्या नावाची उतरण साधारणपणे याच पायरीवरून होते : शेतातला ओढा वस्तीजवळ नाला होतो, आणि वस्तीत शिरल्यावर नाल्याचे गटार होते. पाणी तेच, डोंगरही तोच.

४. कायद्यातील नावे

हा केवळ बोलण्यातला फरक असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु हे शब्द कायद्यातही आहेत आणि तेथे ते निरनिराळ्या धन्यांकडे बोट दाखवतात.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २० अन्वये, जे कायदेशीररीत्या कोणाच्या मालकीचे नाही अशा नद्या, ओढे, नाले आणि तळी यांच्या तळाची जमीन राज्य शासनाची आहे. तिची राखण महसूल खात्याकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदार आणि तलाठी यांच्याकडे येते. दुसऱ्या बाजूस महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ४९ मध्ये परिषदेची जी बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत गटारे आणि जलनिस्सारणाची कामे येतात. म्हणजे प्रवाह ‘नाला’ असेल तर जमीन शासनाची. ‘गटार’ असेल तर काम परिषदेचे. वस्तीतून जाणाऱ्या ओढ्यावर कोणी भिंत घातली तर ती कोणी काढावयाची, हा प्रश्न दोन कार्यालयांच्या मध्ये अडकून पडण्यास ही भाषिक स्थिती पुरेशी आहे.

शेतजमिनीच्या सात-बारा उताऱ्यावर पोटखराब्याची नोंद असते, आणि सार्वजनिक वापरातील रस्ता किंवा प्रवाह याखालील क्षेत्र ‘वर्ग ब’ मध्ये दाखवतात. पण जो ओघळ किंवा जे लवण एकाच शेतकऱ्याच्या वापरात आहे, त्याची निराळी नोंद होण्याचे कारण नसते. अशी जमीन बिनशेती होऊन तिचे भूखंड पडले की कागदावर नसलेला प्रवाह प्रत्यक्षातही नाहीसा झाला असे गृहीत धरले जाते. पुढे पहिल्या मोठ्या पावसात तो भूखंडांच्या कुंपणातून आपली वाट शोधतो.

संविधानातही एक मौन आढळते. १९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांनी ग्रामीण आणि नागरी स्थानिक संस्थांसाठी अनुक्रमे अकरावी आणि बारावी अनुसूची जोडली. ग्रामपंचायतींच्या अनुसूचीत जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नगरपालिकांच्या अनुसूचीतील अठरा विषयांत नगररचना आहे, पाणीपुरवठा आहे, स्वच्छता आहे, अग्निशमन आहे; पूर किंवा पावसाच्या पाण्याचा निचरा हे शब्द नाहीत. गाव मोठे होऊन नगर झाले की ‘पाणलोट’ हा शब्द त्याच्या अधिकृत शब्दसंग्रहातून गळतो. पाणलोट मात्र जागेवरच असतो.

मोठ्या नद्यांच्या बाबतीत परिभाषा अधिक निश्चित झाली आहे. राज्याच्या पाटबंधारे विभागाने १९८९ साली पूररेषांचे जे निकष ठरवले, त्यांनुसार सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो मोठा त्याची निळी रेषा; आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आणि दोन रेषांमधील पट्ट्यात निर्बंध, असे हे तत्त्व आहे. येथेही भाषेचा एक सापळा आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ लोक असा घेतात की, आता आला, म्हणजे पुढची शंभर वर्षे चिंता नाही. वास्तविक त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता असा आहे. लागोपाठ दोन वर्षीही असा पूर येऊ शकतो. शिवाय पूररेषा ही नदीची असते. ज्याचे नाव नदीच्या यादीत नाही, त्या ओढ्याला अशी रेषा सहसा लाभत नाही.

या संदर्भात इंग्लंडमधील व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तेथे कायद्याने प्रवाहांचे दोन वर्ग केले आहेत. ‘मुख्य नदी’ म्हणून अधिकृत नकाशावर दाखवलेले प्रवाह राष्ट्रीय पर्यावरण संस्थेच्या कक्षेत येतात. उरलेले सर्व, मग तो चर का असेना, ‘साधारण जलप्रवाह’ ठरतात आणि त्यांच्यावरील नियंत्रण बहुतेक ठिकाणी स्थानिक परिषदेकडे असते. २००७ च्या उन्हाळ्यातील पुरांनंतर २०१० साली जो पूर व जलव्यवस्थापन कायदा झाला, त्याने ही स्थानिक जबाबदारी एका निश्चित परिषदेवर टाकली. तिने पुरावर परिणाम करणाऱ्या बांधकामांची व भूवैशिष्ट्यांची नोंदवही ठेवावयाची, आणि आवश्यक तेथे पुराची चौकशी करून कोणत्या संस्थेचे कोणते काम होते हे प्रसिद्ध करावयाचे, असे कर्तव्यही तिच्याकडे आले. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. परंतु कोणताही प्रवाह निनावी आणि अनाथ राहू नये, हे तिच्यामागील तत्त्व घेण्याजोगे आहे.

५. नाव आणि माप

नावाबरोबर माप कसे बदलते हे एका साध्या गणिताने दाखवता येईल. १०० हेक्टरांचे एक लहान पाणलोट क्षेत्र कल्पू. त्यावर तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत आहे. अशा लहान क्षेत्रासाठी अभियंते जे प्रचलित सूत्र वापरतात, त्यात क्षेत्रफळ, पावसाचा वेग आणि ‘अपधाव गुणांक’ यांचा गुणाकार असतो. अपधाव म्हणजे न मुरता वाहून जाणारे पाणी. शेतजमिनीसाठी हा गुणांक ०.३ धरला तर सेकंदाला सुमारे ४.२ घनमीटर पाणी ओढ्यात येईल. त्याच जागी वस्ती झाली, रस्ते, छपरे आणि फरसबंदी आली आणि गुणांक ०.७ झाला, तर ते सुमारे ९.७ घनमीटर होईल. पाऊस तोच असता प्रवाह दुपटीहून अधिक वाढतो.

आता त्याच वस्तीतील सांडपाण्याचा हिशेब करू. १० हजार लोक, माणशी दररोज १३५ लिटर पाणी आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी, असे धरले तर सरासरी प्रवाह सेकंदाला १२.५ लिटर येतो. सकाळच्या गर्दीच्या वेळी तो तिप्पट होतो असे मानले तरी ३७.५ लिटरच. म्हणजे पावसाचा ओघ सांडपाण्याच्या सर्वांत मोठ्या ओघाच्याही सुमारे २६० पट आहे.

या दोन आकड्यांतील अंतर हेच ओढा आणि गटार यांतील अंतर होय. ज्या वाटेला ‘गटार’ म्हटले, तिचे माप डोळ्यांसमोर रोज दिसणाऱ्या सांडपाण्यावरून ठरवण्याचा मोह होतो. मग तिच्यावर स्लॅब पडतो, स्लॅबवर दुकान उभे राहते. तिला ‘ओढा’ म्हटले असते तर वरच्या पाणलोटाचे क्षेत्र विचारावे लागले असते. मोरीच्या बाबतीतही हेच घडते. मराठीत घरातील न्हाणीच्या जागेलाही मोरी म्हणतात आणि रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेलाही मोरीच म्हणतात. शब्द एक असला तरी दुसऱ्या मोरीचे माप रस्त्याच्या रुंदीवरून ठरवून चालत नाही. ते डोंगरापर्यंतच्या उतारावरून ठरवावे लागते.

६. काही दाखले

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतक्या पावसापुढे कोणतीही व्यवस्था टिकली नसती हे मान्य केले तरी, त्या शहराची जुनी पर्जन्यजलव्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती हेही विसरता येत नाही. विहार आणि पवई या तलावांच्या बाजूने येऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी ही नदी आहे, याची जाणीव अनेक मुंबईकरांना त्या दिवशी प्रथम झाली. तोवर बोलण्यात ती नालाच होती. त्याच वर्षी तिच्या विकासासाठी आणि संरक्षणासाठी जे प्राधिकरण स्थापन झाले, त्याच्या नावात ‘मिठी नदी’ हे शब्द आले. नाव परत मिळवण्यास एवढी किंमत मोजावी लागली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याने जो अनर्थ केला, तोही याच जातीचा. ओढ्याचे नाव टिकले होते, पण त्याची जागा टिकली नव्हती. यावरून नाव टिकणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही, एवढी मर्यादा प्रस्तुत लेखकाने आपल्या प्रतिपादनास घालून घेतली पाहिजे.

जळगाव जिल्ह्यातील दाखला चाळीसगावचा. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे डोंगरपट्ट्यात झालेल्या अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला, चाळीसगाव शहरात आणि भोवतालच्या गावांत पाणी शिरले, जनावरे वाहून गेली, आणि कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. डोंगर, पायथ्याचे शहर आणि मधले थोडे अंतर ही चाळीसगावची रचना जामनेरपेक्षा फार निराळी नाही. म्हणूनच तो अनुभव जामनेरने आपला मानावा असा आहे.

अशा प्रसंगी वृत्तपत्रांत ‘ढगफुटीसदृश पाऊस’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. हवामानशास्त्रात ढगफुटी म्हणजे लहानशा क्षेत्रावर तासाभरात सुमारे १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. महसूल खात्याची ‘अतिवृष्टी’ निराळी : मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती ठरते आणि मदतीचा प्रश्न उपस्थित होतो. ‘सदृश’ या पदाने मापाचे बंधन सुटते आणि घटनेचे सारे कर्तृत्व आकाशाकडे जाते. मोरी लहान होती काय, पात्रात भराव होता काय, हे विचारण्याची गरज मग कोणास वाटत नाही. पुरानंतर आपल्याकडे होणारा मुख्य दस्तऐवज पंचनामा होय. त्यात पडलेली घरे, वाहून गेलेली जनावरे आणि बुडालेली पिके यांची मोजदाद असते. नुकसानग्रस्तांसाठी ती अत्यावश्यक आहे. परंतु पाणी तेथे का आले, या प्रश्नाला पंचनाम्यात रकाना नाही.

७. ‘शाश्वत’ की ‘धारणक्षम’?

पाणी शक्य तितक्या लवकर दूर घालवावे, हा गेल्या शतकातील जलनिस्सारणाचा सिद्धांत होता. अलीकडे त्याच्या जोडीला दुसरा विचार आला आहे : पाणी जेथे पडते तेथेच त्याला थोपवावे, शक्य तेवढे मुरवावे आणि उरलेले सावकाश सोडावे. उथळ हिरवे चर, साठवणीची खोलगट मैदाने, पाणी झिरपू देणारी फरसबंदी, छपरावरील पाण्याची साठवण ही त्याची साधने. वेल्समध्ये २०१९ पासून नव्या बांधकामांना, अगदी लहान वगळता, अशी योजना मंजूर करून घेणे सक्तीचे आहे. भारतातही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली नागरी पुराविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि २०१९ साली केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने पर्जन्यजलनिचऱ्याची स्वतंत्र नियमपुस्तिका काढली.

या पद्धतीसाठी मराठीत ‘शाश्वत’ हे विशेषण रूढ होत आहे. ते सदोष आहे असे सुचवावेसे वाटते. शाश्वत म्हणजे सनातन, ज्यास नाश नाही असे. त्यातून ध्वनी निघतो तो ‘एकदा केले की कायमचे झाले’ असा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हिरव्या चरातील गाळ दरवर्षी काढावा लागतो. झिरपणारी फरशी धुळीने बंद होते. साठवणीच्या मैदानात पाणी दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक राहिले तर डासांची पैदास होते. सतत निगा राखणे हाच या पद्धतीचा प्राण आहे. त्यासाठी ‘धारणक्षम निचरा’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. ‘धारण’ या पदात पाणी धरून ठेवणे आहे आणि व्यवस्था टिकवून धरणेही आहे. शिवाय ‘धरण’ हा त्याच धातूतून आलेला शब्द खेडोपाडी परिचित आहे.

साधनांची नावे आयात करताना जमिनीचा विचारही सुटता कामा नये. जो शोषखड्डा मुरमाड जमिनीत उत्तम चालतो, तो फुगलेल्या काळ्या मातीत केवळ डबके होऊन बसतो. जामनेरसारख्या ठिकाणी शोषखड्डा काळ्या थराखालील मुरमापर्यंत न्यावा लागेल, किंवा मुरवण्यापेक्षा थोपवून सावकाश सोडण्यावर भर द्यावा लागेल. म्हणजे खेळाचे मैदान आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा हातभर खोल ठेवणे, जुने गावतळे न बुजवणे, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना गवताचा मोकळा पट्टा राखणे. हे उपाय दिसायला साधे आहेत, पण भूखंडांचा नकाशा मंजूर होण्यापूर्वीच ते होऊ शकतात, नंतर नाही.

खानदेशला हा विचार सर्वस्वी नवा नाही. पांझरेच्या खोऱ्यात काही शतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्यापासून कालवा, कालव्यातून चारी, चारीतून सारंग अशी पाणी आणण्याची व्यवस्था होती. आणि तिच्याच जोडीला जास्तीचे पाणी काढून देणारे ‘सांडम’ होते. ‘सांडणे’ या क्रियापदाशी या शब्दाचे नाते उघड आहे. धरणाचा ‘सांडवा’ही त्याच कुळातला. पाणी आणण्याची योजना करतानाच ते सांडण्याची जागा ठरवलेली होती, आणि त्या जागेला स्वतंत्र नाव होते, हे विशेष. आजच्या नगररचनेत पाणीपुरवठ्याच्या नकाशाला हा जोड क्वचितच दिलेला असतो.

८. इशाऱ्याची भाषा

पूर टाळता येत नाही तेव्हा इशारा हाच उपाय उरतो, आणि इशारा ही सर्वस्वी भाषिक कृती आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणाची योजना केली आणि स्थानिक संस्थांवर पूर्वतयारीचे कर्तव्य टाकले. त्या साखळीतून जे संदेश खाली येतात, त्यांचा साचा पुष्कळदा असा असतो : अमुक धरणातून इतके क्युसेक विसर्ग सोडण्यात येत आहे, तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. यातील ‘क्युसेक’ म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. हे जाणणाऱ्यासही १० हजार क्युसेक म्हणजे आपल्या दारात पाणी येणार की नाही, हे कळत नाही. ‘सोडण्यात येत आहे’ या कर्मणी रचनेत कर्ता नाही. ‘सतर्क राहावे’ यात कृती नाही. ‘सखल भाग’ कोणता, हे ऐकणाऱ्यावर सोपवलेले आहे.

पूर्वीची दवंडी अल्पाक्षरी होती, पण तिच्यात स्थळ, वेळ आणि करावयाची कृती या तिन्ही गोष्टी येत. आजच्या संदेशातही त्या आणता येतील : नदी पुलाच्या कोणत्या खुणेपर्यंत येईल, किती वाजेपर्यंत येईल, कोणत्या गल्लीतील लोकांनी कोणत्या शाळेत जावे, जनावरे केव्हा सोडावीत. जामनेर परिसरात तावडी बोलीचा वावर आहे, पश्चिमेकडे अहिराणीचा. प्रमाणभाषा सर्वांना समजते हे खरे. तरी रात्री दोन वाजता झोपेतून उठवणाऱ्या वाक्याने घरच्या बोलीत बोलावे, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने युक्त आहे. अशा वाक्यांचे नमुने पावसाळ्यापूर्वी तयार ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. भाषाविभागांतील विद्यार्थ्यांना हे काम सहज करता येईल.

९. समारोप

वरील विवेचनावरून तीन व्यवहार्य सूचना निघतात. पहिली, प्रत्येक नगरपरिषदेने आपल्या हद्दीतील सर्व प्रवाहांची नोंदवही करावी. तिच्यात प्रवाहाचे लोकांच्या तोंडी असलेले नाव, जुन्या गाव-नकाशातील स्थान, वरच्या पाणलोटाचे क्षेत्रफळ, आवश्यक रुंदी आणि जबाबदार कार्यालय असे पाच रकाने असावेत. नाव पहिल्या रकान्यात असावे. वयोवृद्ध शेतकरी, गुराखी, कोळी, धोबी यांच्याकडून ही नावे आजही मिळू शकतात. दहा वर्षांनी मिळतील असे नाही. दुसरी, पुरानंतर नुकसानीच्या पंचनाम्याबरोबर पाण्याच्या वाटेचाही पंचनामा व्हावा : पाणी कोठे अडले, कशाने अडले, ती वाट कोणाच्या ताब्यात होती. तिसरी, भूखंडांच्या मंजुरीच्या कागदांत ‘गटार’ हा शब्द केवळ बांधीव सांडपाणीवाहिनीसाठी राखून ठेवावा आणि नैसर्गिक प्रवाहास, तो कितीही घाण झालेला असला तरी, ओढा किंवा नालाच म्हणावे.

शब्द बदलल्याने पाणी थांबत नाही, ही शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. परंतु परिषदेच्या कार्यालयात आज जो तरुण अभियंता नकाशावर सही करतो, त्याच्यासमोर प्रवाह प्रत्यक्ष वाहत नसतो. त्याच्यासमोर एक रेषा असते आणि रेषेजवळ एक शब्द लिहिलेला असतो. उन्हाळ्यातील त्या दुपारी पात्र कोरडे असते, आणि त्या कोरड्या पात्राची बाजू मांडणारा त्या शब्दाखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. तो शब्द बरोबर असावा, एवढीच प्रस्तुत लेखाची मागणी आहे.